दोंदेकाकांचा दिवा अजून २.३ वर

अंबडच्या शेडमध्ये, वरच्या मजल्यावर,
खाली पत्रा कापायचं मशीन बंद झालं की
मी लोकांची घरं उघडते.
म्हणजे दारं नाही. दिवे, गिझर, पंख्यांचे रेग्युलेटर,
एकूण चार हजार एकशे बारा,
ज्यांच्या पोटात शेंगदाण्याएवढी चिप आहे
आणि चिपच्या पोटात मी गेल्या वर्षी केलेल्या चुका.

त्या निस्तरायला रात्री तीनची वेळ बरी.
इंदिरानगर झोपलेलं, पाथर्डी फाटा झोपलेला,
गंगापूर रोडच्या टॉवरांत फक्त वॉचमनचा फोन जागा.
बटण दाबलं की हवेतून तुकड्यातुकड्यांनी
नवा प्रोग्राम उतरतो.
तुकडा न् तुकडा मोजून घेतला जातो,
बेरीज चुकली तर परत मागवला जातो,
लग्नघरी टेम्पोतून उतरणाऱ्या वाणसामानासारखा.

आणि जुनं पुसायचं नाही, हे फिरोजने हट्टाने करून घेतलं.
नवं शेजारच्या खोलीत उतरवायचं, उठवून बघायचं,
तीनदा हाका मारून उठलं नाही
तर गुपचूप जुन्याला उठवायचं.
भद्रकालीतलं दुकान हलवलं तेव्हा
त्याच्या वडिलांनी जुन्या गाळ्याचं भाडं
दोन महिने भरलं होतं म्हणे.

सकाळी यादी हिरवी.
एक ओळ सोडून:
जेलरोड, दोंदे, संडासाचा दिवा, आवृत्ती २.३.
बावीस रात्री, दरवेळी साठ टक्क्यांच्या आसपास वीज गेली.
महावितरणला विचारलं. तिकडे काही नाही.

मग त्यांचाच फोन आला.
"तुमचा बल्ब रात्री डोळे मिचकावतो. कोण येतं घरात?"
कोणी नाही काका, प्रोग्राम येतो, हवेतून.
"विचारून?"
परवानगी आहे तुमची, मी म्हणाले,
समोर तारीखसुद्धा दिसत होती.
"ती नातवाच्या अंगठ्याची. तो असतो पुण्याला."

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये होते, नोटांच्या विभागात.
रोज सुटताना झडती, चपला काढून, डब्याचं झाकण उघडून.
"आत काय नेतोय याचं कुणाला फार नसायचं,
बाहेर काय निघतंय ते बघायचे.
तुमच्या दिव्यातून बाहेर काय निघतं?"

कंपनीने एक वाक्य तयार ठेवलंय यासाठी.
मी म्हणाले, थोडंच. कधी लागला, कधी विझला.
"म्हणजे मी तीनला उठतो हे तुम्हाला माहीत आहे."
हो.
"आणि परत साडेचारला."
हो.
"डॉक्टरला नाही सांगितलं अजून मी."

फोनमध्ये मालगाडी जात राहिली.
ती संपल्यावर म्हणाले,
"मिचकावला की मी मेन स्विच पाडतो.
अंधारात बरोबर जातो हात.
दहा आकडे मोजतो, परत वर करतो.
झडती म्हणा."

अपडेट चालू असताना वीज बंद करू नये,
हे खोक्यावर सहा भाषांत छापलंय. मला सांगायला हवं होतं.
पण बावीसच्या बावीस वेळा जुनी प्रत उठली होती,
कुरकुर न करता,
आणि भिंत धरून उभ्या माणसाला
तिने उजेड दिला होता.

आता ते रात्रीच्या यादीत नाहीत.
साहेबांनी विचारलं, ही एक लाल ओळ कसली?
मी शेरा लिहिला: ग्राहक जागा असतो.

दुसऱ्या शनिवारी दुपारी मी फोन करते.
काका, पाठवू का?
"नव्यात काय आहे?"
वाचून दाखवते. कुलपाच्या दोन दुरुस्त्या, लुकलुक कमी.
"आणि बाहेर जाणाऱ्यात?"
त्यात बदल नाही.
"मग राहू दे. तो कराल तेव्हा पाठवा."

रात्री तीनला चार हजार एकशे अकरा.
तीन वाजून आठ मिनिटांनी पडद्याच्या एका कोपऱ्यात
जेलरोडला दिवा लागतो.
तो रकाना झाकायचा कसा, हे मला येतं.
तो भरूच नये, हे अजून लिहायचंय.